४६ डॉलरला एक युनिट नाच

धाकटी पाचवीत गेली आणि मंगळवार-गुरुवारची साडेनऊ ते अकरा ही वेळ माझ्या हाताला लागली. वय बेचाळीस. पुण्यात कथक मध्यमापर्यंत झालेलं, आणि कॉलेजात असताना पुरुषोत्तमच्या एका एकांकिकेत गर्दीतली तिसरी बाई. एवढ्या भांडवलावर मी नाच आणि नाटक शिकायला घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, नाव घातलं. त्याला आता पाच सेमिस्टर झाली. दर गणपतीला मंडळात आरती संपून प्रसादाची रांग लागली की कोणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, "ते तू करतेस ते कसं गं करायचं? मला जमेल?" मोदक हातात धरून सांगून होण्यासारखं ते नाही, म्हणून इथे लिहिते. मी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहते, त्यामुळे हे सगळं कॅलिफोर्नियाचं. दुसऱ्या राज्यात फीचे आणि रहिवासाचे नियम वेगळे.

आधी भीती काढून टाकू. प्रवेशाला ऑडिशन नसते. राज्यात अशी ११६ सरकारी कॉलेजं आहेत आणि अठरा वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही तिथे नाव घालता येतं. आधी काय शिकलात, किती मार्क होते, वजन किती, कोणी विचारत नाही. म्हणून ही जागा हौशी लोकांची, असं मात्र समजू नका. टॉम हँक्स हेवर्डच्या शबो कॉलेजात शिकला. रॉबिन विल्यम्स कॉलेज ऑफ मरीनमध्ये होता, तिथून न्यूयॉर्कच्या नामांकित ज्युलियार्डला गेला. ऑडिशन नसण्याला अपवाद सांता मारियाच्या ॲलन हॅनकॉक कॉलेजातल्या पीसीपीएचा. ती १९६४ पासूनची व्यावसायिक नाटक कंपनी आहे आणि तिचं दोन वर्षांचं पूर्णवेळ प्रशिक्षण आहे. तिथे निवड होते. सकाळच्या पोळ्या उरकून जाऊन येण्यासारखं ते प्रकरण नाही.

आता व्हिसा, कारण निम्मे प्रश्न त्याचेच असतात. एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, शिकता येतं, त्यासाठी व्हिसा बदलावा लागत नाही. पण शिकता येतं म्हणजे कमावता येतं असं नाही. कॉलेजच्या थिएटरात विद्यार्थ्यांना तासावर पैसे देऊन लाइट-साउंडची कामं देतात. ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, नसेल तर ती घेऊ नका, सरांनी कितीही आग्रह केला तरी. आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या आईचं नाव टूरिस्ट व्हिसावर सोबत घालून टाकायचा मोह आवरा, ते चालत नाही. त्यांना प्रयोगाला आणा.

फी दोन प्रकारची असते आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रहिवासी असाल तर युनिटला (युनिट म्हणजे वर्ग मोजायचं माप) ४६ डॉलर. नसाल तर त्यावर अनिवासी फी, आणि ती कितीतरी पट जास्त. रहिवासी ठरायला सेमिस्टर सुरू होण्याआधी कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस झालेला लागतो आणि इथेच राहायचा इरादा कागदांवरून दिसावा लागतो: भाडेकरार, लायसन, राज्याचा टॅक्स रिटर्न. एच-४ वाल्यांना असं रहिवासी होता येतं, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांना नाही. मी पहिल्या वेळी ऑनलाइन फॉर्म रात्री साडेअकराला भरला आणि व्हिसाचा रकाना तसाच सोडला. बिल आलं ते अनिवासी दराने. नवरा म्हणाला, "हार्वर्डला चाललीस का?" ऑफिसात कागद नेऊन दाखवले आणि बिल सुधारलं, पण तेवढ्यात चार दिवस गेले आणि मला हवा असलेला वर्ग भरला. फॉर्म दिवसा भरा.

सॅन फ्रान्सिस्को शहरात राहत असाल तर तुमची मजाच आहे: तिथल्या सिटी कॉलेजात २०१७ मध्ये शहराच्या रहिवाशांना शिकवणीची फी माफ करायची योजना सुरू झाली. आज ती कोणाला लागू आहे ते आधी विचारून घ्या.

पैशांचा हिशोब एकदा नीट बघा, कारण नाचाच्या बाबतीत तो फारच गमतीशीर आहे. व्याख्यानाच्या विषयात आठवड्याला एक तास वर्ग म्हणजे एक युनिट, बाकीचे तास घरच्या अभ्यासाचे. नाच हा प्रयोगशाळेसारखा धरतात, त्यामुळे आठवड्याला तीन तास नाचलात की एक युनिट. म्हणजे सेमिस्टरभरात साधारण ५० तास, शिकवणाऱ्या बाई, कोपऱ्यात बसून पियानो वाजवणारे आजोबा (सगळीकडे नसतात, आमच्याकडे होते), लाकडी फ्लोअर, आणि फी ४६ डॉलर. तासाला एक डॉलरसुद्धा पडत नाही. वरून हेल्थ फी आणि पार्किंग लागतं, ते धरा.

याच स्वस्ताईमुळे एक नियम आला आहे आणि तो कोणी आपणहून सांगत नाही. पास झालेला नाचाचा किंवा अभिनयाचा वर्ग पुन्हा घेता येत नाही. शिवाय एकाच जातीचे, म्हणजे बॅले एक, दोन, तीन असे, जास्तीत जास्त चार वर्ग मिळतात, आणि मधेच सोडलेला वर्गसुद्धा त्या चारांत मोजला जातो, जर रेकॉर्डवर 'डब्ल्यू', म्हणजे वर्ग सोडल्याची खूण, पडला असेल तर. मी बॅलेचा पहिला वर्ग सहाव्या आठवड्यात नडगी दुखते म्हणून सोडला. एक संधी तिथेच जळाली. त्यामुळे पहिल्याच दिवशी कॉलेजच्या कॅलेंडरमधून दोन तारखा काढून फ्रिजवर लावा: फी परत मिळण्याची शेवटची, आणि 'डब्ल्यू' न पडता नाव काढण्याची शेवटची. चार संपले तरी काही कॉलेजं ऑडिट करू देतात, युनिटला फार तर १५ डॉलर घेऊन. मार्क नाहीत, पण नाच तोच.

वर्ग भरलेला दिसला तर वेटलिस्टवर नाव टाका आणि पहिल्या दिवशी काहीही करून जा. नाव नोंदवून पहिल्या दिवशी न येणाऱ्याला काढून टाकतात, आणि दारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्याला ती जागा मिळते. मी वेटलिस्टवर सातवी होते, तरी आत गेले.

घ्यायचं काय? इथे माझं मत जरा उलटं आहे. सगळे आधी अभिनयाचा वर्ग घेतात. मी म्हणते आधी स्टेजक्राफ्ट, म्हणजे नेपथ्य-प्रकाशाचं पडद्यामागचं काम, घ्या, आणि त्याच्या जोडीला नाचाचा एक वर्ग. कारण साधं आहे. आपण आलेलो असतो लाजत. अभिनयाच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांसमोर उभं राहायचं, इंग्रजीत, तेही उच्चार जपत, म्हणजे जीव गोळा होतो. नेपथ्याच्या वर्कशॉपमध्ये मात्र काम समोर असतं आणि सगळे त्याच्याकडे बघत असतात, तुमच्याकडे नाही. चार बाय आठ फुटांचा फ्लॅट (नेपथ्याची उभी भिंत) दोघांनी मिळून उचलला की ओळख होतेच.

तिथे पहिल्या दिवशी मॅडमनी माझ्याकडे बघून तीन बोटं उंचावली: सँडल, बांगड्या, गळ्यातलं. यंत्राजवळ लोंबणारं काही चालत नाही. मंगळसूत्र काढून पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवलं, आणि त्या सेमिस्टरभर मंगळवार-गुरुवारी ते तिथेच राहिलं. बूट पुढून बंद हवेत, केस बांधलेले.

लाइट टांगायचा दिवस मला अजून दिसतो. शिडीवरून वरच्या पाइपला दिवा अडकवायचा, क्लॅम्पचा बोल्ट पान्याने आवळायचा, आणि मग दिव्याची सेफ्टी केबल पाइपभोवती फिरवून लावायची, म्हणजे क्लॅम्प सुटला तरी दिवा खाली येणार नाही. पाना दोरीने मनगटाला बांधलेला. मी विचारलं, दोरी कशाला? मॅडमनी खाली बोट दाखवलं. माझ्या बरोब्बर खाली एक मुलगा मान खाली घालून रंगमंचावर खुणेच्या टेपा चिकटवत होता. पुण्यात मी एवढी वर्षं नाटकं पाहिली, एकात उभीही राहिले, पण लाइट्स म्हणजे कोणीतरी दादा आधीच लावून गेलेले असतात, एवढंच मला ठाऊक होतं. आता नाटकाला गेले की आधी वर बघते.

नाचाकडे येते. कथक, भरतनाट्यम काहीही झालेलं असलं तरी पहिल्या पायरीचाच वर्ग घ्या. माझं दहा वर्षांचं शिक्षण पाय बोलते करण्याचं. तत्कारात टाच आणि तळवा जमिनीवर वाजलाच पाहिजे, नाहीतर गुरू मान वर करून बघणार. बॅलेच्या तिसऱ्या आठवड्यात छोट्या उड्या सुरू झाल्या. मॅडम म्हणाल्या, डोळे मिटा, आठ उड्या मारा आणि फक्त ऐका. बावीस जणांच्या उड्या, आणि त्यात एकच धप्प, धप्प. डोळे उघडायची गरजच नव्हती. आधी बोटं, मग चवडा, मग टाच, आणि त्याच वेळी गुडघा वाकलेला, असं उतरायचं असतं. हे शरीराला पटेपर्यंत मी टाचांवर आदळत राहिले, आणि नडगी दुखली ती त्यामुळेच. पुन्हा वर्ग घेतला तेव्हा रोज घरी भिंतीला धरून दहा मिनिटं नुसतं उतरणं केलं, चढणं नाही. दुखलं की त्याच दिवशी सांगा. "सवय होईल" म्हणून रेटणं हा आपल्याकडचा खास दुर्गुण आहे.

शिकलेलं वाया मात्र जात नाही. मॉडर्न डान्सच्या वर्गात एकदा सात मात्रांचा तुकडा आला. आठाची सवय असलेली सगळी पोरं दर फेरीला चुकायला लागली. मी मनात तीं तीं ना, धी ना, धी ना म्हणत होते. रूपक ताल! त्या दिवशी मला पुढच्या रांगेत उभं केलं.

कपड्यांची चिंता करू नका. लिओटार्ड, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा नाचाचा पोशाख, सक्तीचा असेल असं वाटून मी दोन रात्री झोपले नव्हते. पहिल्या पातळीला काळी लेगिंग आणि अंगासरशी टीशर्ट चालतो. कुर्ता नको, गुडघा दिसला पाहिजे. बॅलेचे कापडी बूट साध्या बुटांच्या मापाने मागवू नका, दुकानात जाऊन घालून बघा. इलॅस्टिक बरेचदा आपणच शिवायचं असतं. तिथे माझी वट वाढली: अर्ध्या वर्गाला सुईत दोरा ओवता येत नव्हता.

अभिनयाचा वर्ग दुसऱ्या सेमिस्टरला घ्या. पाठांतर आपल्याला येतं, अडतं दुसरीकडेच. आम्हाला माइझनर या अमेरिकन अभिनयशिक्षकाचा पुनरुक्तीचा खेळ दिला होता. समोरासमोर बसायचं, एकाने दिसेल ते बोलायचं, दुसऱ्याने तेच परत म्हणायचं. "तू हसतेयस." "मी हसतेय." "तू हसतेयस." पंचवीस वेळा. माझा जोडीदार माझ्या भाच्याच्या वयाचा. विसाव्या फेरीला त्याचा आवाज बदलला आणि मला कळलं की मी कधीची हसत नाहीये. दुसरी गोष्ट आवाजाच्या फेकीची. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज गेला पाहिजे हे डोक्यात इतकं बसलेलं की ऐंशी खुर्च्यांच्या खोलीत मी प्रेक्षकांकडे तोंड करून ठणठणीत बोलत होते. सर म्हणाले, "तो तुझ्या शेजारी उभा आहे. तू कोणाला सांगतेयस?" (सर म्हणू नका म्हणतात, पहिल्या नावाने हाक मारा म्हणतात. पाच सेमिस्टर झाली, अजून जीभ वळत नाही.) प्रसंग सुरू करायच्या आधी जोडीदाराला हात लावला तर चालेल का, कुठे चालेल, हे विचारायची पद्धत आहे. विचारा, आणि तुम्हाला नको असेल तर सरळ नाही म्हणा.

डिग्रीचा विचार असेल तर थिएटर आर्ट्समध्ये ट्रान्सफरसाठीची असोसिएट पदवी आहे, ६० युनिटांची. त्यातून कॅल स्टेट या राज्याच्या सरकारी विद्यापीठांपैकी कुठेतरी जागा पक्की मिळते, हव्या त्याच कॅम्पसला मिळेल असं मात्र नाही. कोणता वर्ग कुठे चालतो ते असिस्ट नावाच्या साइटवर स्वतः बघा. मुलांना पाठवत असाल तर हे आधी बघा, माझ्यासारखं हौसेनं जात असाल तर सोडून द्या.

कॉलेजच्या नाटकात घ्यायला ऑडिशन असते, आणि निवड झाली की तालमीच्याच वर्गात नाव घालून फी भरायची, म्हणजे काम करायचे पैसे आपणच द्यायचे. संध्याकाळी सहा ते दहा, आठवड्याचे चार-पाच दिवस, दीड-दोन महिने. घरी आधी बोला. मी रविवारी भाज्या करून डबे लावून ठेवायचे, आणि बुधवार आमच्याकडे पिझ्झावार झाला. शेवटचा आठवडा तांत्रिक तालमींचा, त्यात तुम्ही दोन वाक्यं बोलता आणि मग लाइटचा क्यू (लाइट बदलायचा नेमका क्षण) जुळेपर्यंत चाळीस मिनिटं त्याच जागी उभं राहता. विणकाम चालत नाही, मी विचारलं होतं.

आणि शेवटच्या प्रयोगाच्या रात्री कोणाला जेवायला बोलावून ठेवू नका. मी बोलावलं होतं. पडदा पडल्यावर फुलं घेऊन कोणी फोटो काढत बसत नाही. मेकअप पुसून, बंद बूट घालून सगळे पुन्हा रंगमंचावर येतात, आणि राणी झालेली मुलगीसुद्धा ड्रिल घेऊन सेटचे स्क्रू काढायला लागते. याला स्ट्राइक म्हणतात आणि यातून कोणालाही सुटका नाही. दीड महिना जे माझं घर होतं त्याच्या खिडकीचे बारा स्क्रू मी काढले, डब्यात मोजून टाकले. रात्री पावणेदोनला घरी पोचले तेव्हा पाहुणे जेवून गेले होते, आणि माझ्या केसांत लाकडाचा भुसा होता.