चार एल्फिन्स्टन वेगळे कसे केले

मुंबईच्या जुन्या कागदांत नुसतं ‘एल्फिन्स्टन’ दिसलं की आधी साल पाहायचं. १८१९ ते १८२७ असेल तर मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट (१७७९–१८५९). १८५३ ते १८६० असेल तर त्यांचे पुतणे जॉन, तेरावे लॉर्ड एल्फिन्स्टन. गोंधळ मुख्यतः या दोघांत होतो, कारण गादी तीच, मुंबईच्या गव्हर्नरची. कॉलेज काकांच्या नावाचं, तर रेल्वे स्टेशन (आताचं प्रभादेवी) पुतण्याच्या.

साल फाटलं असेल तर सही बघा. उमराव फक्त किताब लिहितो, त्यामुळे आद्याक्षराशिवाय ‘एल्फिन्स्टन’ म्हणजे लॉर्ड, ‘एम.’ असेल तर काका. नक्कल कारकुनाची असेल तर मात्र हा ताळा चालत नाही. तिथे ‘लॉर्ड’ की ‘ऑनरेबल’ हे पाहून ठरवावं लागतं. मद्रासच्या कागदांत १८३७ ते १८४२ मध्ये गव्हर्नर म्हणून येणारेही हेच जॉन, त्यांना पाचवा माणूस धरू नये.

काबूलहून माघार घेताना फौज गमावणारे जनरल विल्यम (१७८२–१८४२) माउंटस्टुअर्टचे चुलतभाऊ. माउंटस्टुअर्टही १८०८ साली अफगाण दरबाराकडे वकील म्हणून गेले होते, म्हणून सूचीत दोघांच्या नोंदी सर्रास मिसळतात. चौथे अॅडमिरल जॉर्ज कीथ, माउंटस्टुअर्टचे काका. १७९७ नंतर ते ‘लॉर्ड कीथ’ म्हणून सापडतात, आडनावाने शोधलं तर हातून निसटतात.

सूचीतल्या प्रत्येकाच्या कार्डावर मी नाव, जन्म-मृत्यूची सालं, हुद्दा आणि बापाचं नाव लिहितो. शेवटचा रकाना सगळ्यात उपयोगी: एकाच घराण्यात जॉन, विल्यम, जॉर्ज पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात.