बरणी आधी लावा! परड्यातले पक्षी आणि टाकीतली पिल्लं, उन्हाळ्याआधीची तयारी

संक्रांत झाली की तयारीला लागायचं, शिवरात्रीनंतर नाही. बेळगावात फेब्रुवारीतसुद्धा रात्री स्वेटर लागतोय म्हणून आपल्याला वाटतं अजून वेळ आहे की, पण दिवस लांबायला लागला की दयाळ तारेवर बसून शीळ घालायला लागतो आणि फायटर माशाचा नर टाकीच्या कोपऱ्यात बुडबुडे जमवायला लागतो, ते दोघं आपल्या स्वेटरकडं बघत थांबत नाहीत.

तर सगळ्यात आधी, टाकी घासायच्याही आधी, हीटर आणायच्याही आधी, पिल्लांच्या खाण्याची बरणी लावा. इन्फुसोरियाची, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या अगदी सूक्ष्म जीवांची. हे मी शेवटी लिहिलं तर तुम्ही तिथपर्यंत वाचणार नाही म्हणून पहिल्यांदा लिहितोय. सगळेजण जोडी निवडतात, टाकी सजवतात, अंडी पडली की फोटो काढून ग्रुपवर टाकतात आणि पिल्लं पोहायला लागली की मग दुकानात पळतात, दुकानदार पावडरची पुडी देतो, ती पावडर त्यांच्या तोंडापेक्षा मोठी असते, पिल्लं उपाशी आणि पाणी नासलेलं. गेल्या वर्षी आमच्याकडं हेच झालं, त्यापेक्षा जास्त सांगत नाही.

हिशोब साधा आहे. फायटरची अंडी दीड-दोन दिवसांत फुटतात, मग पिल्लं दोन-तीन दिवस नरानं जमवलेल्या बुडबुड्यांच्या घरट्याला शेपटी खाली करून लटकून असतात, तेवढे दिवस पोटातला बलक पुरतो, आणि आडवी पोहायला लागली की त्याच दिवसापासून खायला पाहिजे. म्हणजे अंडी पडल्यापासून तुमच्या हातात जेमतेम चार-पाच दिवस. आणि बरणी तयार व्हायला उबेत पाच-सात दिवस लागतात, आपल्याकडच्या फेब्रुवारीच्या गार रात्रींत त्याहून जास्त. आता करा वजाबाकी. अंडी पडल्यावर बरणी लावून उपयोग नाही, म्हणजे नाही.

कशी लावायची ते सांगतो. दोन-तीन लिटरची काचेची बरणी, त्यात टाकीतलंच जुनं पाणी (नळाचं ताजं नाही, त्यातल्या क्लोरीननं जे वाढवायचंय तेच मरतंय), दोन बोटांएवढी वाळकी केळ्याची साल किंवा कोबीचं बाहेरचं पान गरम पाण्यातून काढून, आणि फिल्टरचा स्पंज त्यात थोडा पिळायचा. वरनं जुन्या धोतराचं फडकं बांधा, नाहीतर डास अंडी घालतील. खिडकीत ठेवा, थेट कडक उन्हात नको. पहिले दोन-तीन दिवस पाणी दुधाळ होतं आणि वास मारतं, घरातले बोंब मारतील, मारू देत. नंतर पाणी निवळतं, रात्री मागं काळा कागद धरून टॉर्च मारली की बारीक धूळ हलताना दिसते, तेच पिल्लांचं जेवण. निवळलंच नाही आणि सडका वास राहिला तर ओतून टाका, दुसरी लावा. आणि दुसरी तशीही लावायचीच आहे, चार दिवसांच्या अंतरानं, कारण एक बरणी संपते. दोन बरण्या. लिहून घ्या.

गप्पीवाल्यांनी हसू नये. गप्पी, मॉली, प्लॅटी यांची पिल्लं जन्मतःच मोठी असतात, फ्लेक चुरडून टाकली तरी खातात, त्यामुळं गप्पी वाढवून आपल्याला वाटतं सगळं जमतंय. झेब्रा, फायटर, गुरामी यांचं तसं नसतं.

आता पक्षी, तोवर बरणी तयार होऊ दे.

संक्रांतीचा मांजा झाडातनं काढा, हे पहिलं. काठीला कोयती बांधून, शेजारच्या झाडावरचासुद्धा, विचारून. नायलॉनच्या मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे आणि तरी दरवर्षी शेवग्यावर लोंबतोच, बुलबुल घरट्यासाठी दोरे ओढत फिरतो त्यात पाय अडकतो. खरं म्हणजे हे काम संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी करायचं.

कुंपणाची छाटणी आत्ताच करून टाका, नाहीतर सरळ पावसाळा संपेपर्यंत हात लावू नका. मधेच एप्रिलमध्ये पाहुणे येणार म्हणून मेंदी छाटायला माणूस बोलावला आणि आत शिपाई बुलबुलाचं घरटं निघालं, असलं नको. अंडी घालण्यापासून पिल्लं उडण्यापर्यंत बुलबुलाला महिनासुद्धा लागत नाही, तेवढा दम धरता येतो. शेवग्याची किंवा पांगाऱ्याची वाळकी फांदी पडायला आलेली नसेल तर ठेवा, तांबट त्यातच भोक पाडतो. दुपारभर टुक-टुक-टुक ऐकू येतंय ना, तो. नंतर तेच भोक दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडतं.

कोळिष्टकं. पाडवा जवळ आला की घरोघरी केरसुणी फिरते, पण पोर्चच्या एका कोपऱ्यातली जाळी राहू द्या, शिंजीर घरटं त्या धाग्यांनीच बांधते, शिंपीसुद्धा पानं शिवायला ते वापरतो. आईला पटवणं तुमच्यावर. शिंजिरांचं घरटं कपडे वाळत घालायच्या तारेवर लटकलं तर तेवढी तार सोडून द्या, दुसरी बांधा, काय मोठं नुकसान होतंय?

पाण्याचं भांडं: खानापुरी मातीचं उथळ, दीड-दोन इंच खोल, आत गुळगुळीत नको, पाय घसरतात. झुडपापासून पाच-सहा फूट लांब ठेवा, अगदी बुडाशी ठेवलं की मांजराची सोय होते. रोज पाणी बदला, रोज जमत नसेल तर दोन दिवसांनी तरी, कारण डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात. त्यात अळ्या झाल्याच तर गाळणीनं गाळून माशांना घाला, जोडी तयार करायला यापेक्षा चांगलं खाणं दुकानात मिळत नाही. मात्र मुद्दाम बादलीत अळ्या पाळत असाल तर वर घट्ट जाळी बांधा आणि रोज गाळा, नाहीतर गल्लीतले लोक तुम्हालाच धरतील.

खायला काय? तांदळाची कणी, नाचणी, बाजरी, थोडीच. फरसाण, चिवडा, पाव नको. खरं तर पिल्लांना आईबाप किडेच भरवतात, चिमणीसुद्धा, म्हणून जास्वंदीवर आणि आंब्याच्या मोहरावर औषध मारू नका. मारलं की दोन्हीकडनं नुकसान, पक्ष्यांचं खाणं जातं आणि फवारा उडून बाहेरच्या टबात पडला तर मासे एका दुपारीत उलटे. गल्लीत धूर मारायला गाडी येते तेव्हाही टब झाका आणि एअर पंप बंद करा, नाहीतर तो धूर ओढून थेट पाण्यात सोडतो.

चिमणीचे खोके: भोक ३२ मिलिमीटर, समोर बसायला काडी नको, वळचणीखाली आठ-दहा फुटांवर, दुपारचं ऊन लागणार नाही असे. २० मार्चला चिमणी दिवस म्हणून सगळीकडं खोके वाटतात, तोवर बऱ्याच चिमण्यांनी जागा धरलेली असते. फेब्रुवारीतच लावा. फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, पंधरा मिनिटं परड्यात बसून पक्षी मोजायचे आणि आकडे ई-बर्ड या वेबसाइटवर टाकायचे, मुलांना घेऊन बसा, परीक्षेच्या आधी तेवढा वेळ निघतो. पोपट पिंजऱ्यात ठेवायचा विचार असेल तर तो १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, विषय संपला.

बरणी लावली का? नसेल तर हे वाचणं थांबवा आणि उठा.

टाकी. पिल्लांची टाकी वेगळी, दहा-पंधरा लिटरची पुरते, तळाला वाळू नको. नळाला पाणी येईल त्या दिवशी दोन बादल्या भरून उघड्या ठेवा, एक-दोन दिवसांत क्लोरीन उडतो, घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब. विहीर असेल तर बरं, पण घरात कुणी ब्लीचिंग टाकलंय का ते आधी विचारा. स्पंज फिल्टर नवीन घेऊन थेट पिल्लांच्या टाकीत लावू नका, महिनाभर आधी मोठ्या टाकीत चालू ठेवा म्हणजे त्यात चांगले जिवाणू बसतात. हेही आत्ताच करायचं काम आहे, जसं बरणीचं. हीटर लिटरला एक वॅट धरून, फायटरला २७-२८ डिग्री. दुपारी तीसच्या वर आणि पहाटे पंधरा-सोळा, असल्या हवेत लहान टाकी फार वरखाली होते. लाइट जाते म्हणून बॅटरीवरचा एअर पंप एक.

देशी बदामाची लाल होऊन गळलेली पानं गोळा करून ठेवा, या दिवसांत शाळेच्या मैदानात, बसस्टॉपवर खच पडलेला असतो, दुकानात तीच पानं पॅकेटात विकतात. धुऊन वाळवा. फायटरच्या टाकीत एक पान टाकलं की पाणी चहासारखं होतं, घाबरू नका, तेच पाहिजे.

गोल्डफिशला मात्र आपली थंडी फायद्याची, हिवाळा गार गेला आणि मग पाणी तापायला लागलं की ते अंड्यावर येतात. नराच्या कल्ल्यांवर पांढरे ठिपके येतात, लोक रोग समजून औषध ओततात. अंगभर मीठ टाकल्यासारखे ठिपके असले तर रोग, फक्त कल्ल्यावर आणि पुढच्या पराच्या कडेला असले तर नर तयार आहे. अंडी शेवाळाला चिकटतात, आईबापच खातात, शेवाळ उचलून वेगळ्या टबात. टब बाहेर असेल तर वर जाळी. खंड्या आणि ढोकरी तुमच्या अंदाजाच्या आधी हजर होतात, आणि पक्षीप्रेमी म्हणून मिरवल्यावर खंड्याला दगड मारता येत नाही.

जोडी लावायच्या आधी दहा-पंधरा दिवस नर-मादी वेगळे ठेवून जिवंत खाणं. बरणी याच दिवसांत सुरू करायची, याच दिवसांत, म्हणजे जोडी सोडली तेव्हा पहिली बरणी निवळलेली पाहिजे. निवळली नसेल तर जोडी सोडू नका. मादी फुगलीय, नर नाचतोय, घरातले म्हणतात सोड की, तरी नाही.

पुढचं थोडक्यात. फायटरची अंडी पडली की मादी बाहेर, पिल्लं आडवी पोहली की नर बाहेर, पाणी पाच-सहा इंच, झाकण घट्ट कारण वरची हवा उबदार लागते. ड्रॉपरनं बरणीतलं पाणी दिवसातनं दोन-तीनदा, काढलं तेवढं जुनं पाणी बरणीत परत घाला. आठवड्यानं आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातली बारीक कोळंबी; तिची अंडी लिटरभर पाण्यात दोन चमचे खडेमीठ घालून, हवा जोरात, एक-दीड दिवसात फुटतात. अंड्याचा पिवळा बलक फडक्यातनं पिळून घालतात, अगदी अडलं तरच, पाणी लगेच नासतं. थोडं थोडं पाणी रोज बदला. नर भांडायला लागले की बाटल्या वेगळ्या.

जास्त झालेली पिल्लं मित्रांना द्या, दुकानात द्या, किल्ला तलावात किंवा गावच्या विहिरीत सोडू नका, गप्पी तर अजिबात नाही. वळीव झाला की खोके हललेत का बघा, बाहेरच्या टबातलं जादा पाणी काढा. बाकी जूनमध्ये.