‘दिसतेय का सगळ्यांना?’ हा प्रश्न मिटवायचा असेल तर

स्क्रीन शेअर केली की माणूस आधी विचारतो, ‘दिसतेय का सगळ्यांना?’ मग दोन-तीन सेकंद कुणीच बोलत नाही. मी व्हिडिओ मीटिंगच्या ॲपचे इंटरफेस डिझाइन करते. ही शांतता मला आमच्या कामातली उणीव वाटते. दाखवणाऱ्याला आपली स्क्रीन दिसते, पण समोर काय पोचलं ते कळत नाही.

म्हणून सुरुवात पोचपावतीपासून करा. पाहणाऱ्याच्या ॲपमध्ये पहिली फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं पहिलं चित्र, उमटली की तसा निरोप परत पाठवा आणि दाखवणाऱ्याला साध्या शब्दांत सांगा: ‘८ पैकी ७ जणांना दिसतेय.’ सोबत छोटं पूर्वदृश्य द्या; तेही स्वतःच्या मशीनवरचं नको, सर्व्हरकडून परत आलेलं हवं. चित्र अडकलं तर त्यालाही अडकलेलंच दिसलं पाहिजे.

आता अक्षरं. सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. ३८४० पिक्सेल रुंदीची स्क्रीन १३६६ पिक्सेलच्या लॅपटॉपवर मावली की २० पिक्सेल उंचीचं अक्षर जेमतेम ७ पिक्सेलचं उरतं. त्यात बाजूला चेहऱ्यांची पट्टी असली तर आणखी बारीक. शेअरिंग सुरू असताना ती पट्टी आपोआप आक्रसू द्या, पाहणाऱ्याला स्वतःपुरतं झूम करता येऊ द्या आणि दाखवणाऱ्याला सूचना द्या: ‘काहींना अक्षर बारीक दिसतंय, मोठं करा.’ ब्राउझरमध्ये ट्रॅकला, म्हणजे पाठवल्या जाणाऱ्या चित्रप्रवाहाला, ‘कंटेंटहिंट’ देता येतो; त्यात काय दाखवलं जातंय, याचा तो इशारा. तक्ता, कोड, मजकूर असेल तर ‘डिटेल’ किंवा ‘टेक्स्ट’ ठेवा; नेट मंदावलं तर फ्रेम कमी होतील, पण अक्षर फुटणार नाही. व्हिडिओ दाखवायचा असेल तर ‘मोशन’. हिशेबाच्या तक्त्याला सेकंदाला ५ फ्रेम मला पुरेशा वाटतात.

काय शेअर करायचं, हे विचारणारी खिडकी ब्राउझरची असते. तिथे माणसाच्या वतीने निवड करता येत नाही. मात्र टॅब, खिडकी की पूर्ण स्क्रीन, यातलं आधी काय पुढे यावं हे सुचवता येतं. मी टॅबच सुचवते. एकदा मी पूर्ण स्क्रीन शेअर केली होती आणि घरच्या आजारपणाचा एक निरोप कोपऱ्यात सर्वांसमोर उघडला. पुढचा अर्धा तास मी काय बोलले ते मला आठवत नाही. तेव्हापासून ‘थांबवा’शेजारी ‘क्षणभर गोठवा’ हे बटण मी आवर्जून मागते: शेवटचं चित्र समोर राहतं, तोवर फाइल शोधा, निरोप मिटवा. मीटिंगचाच टॅब शेअर झाला तर आरशात आरसा दिसतो, म्हणून तो यादीतून वगळण्याचा पर्याय चालू ठेवा.

बोट दाखवण्याची सोय पाहणाऱ्यालाही द्या. ९ डिसेंबर १९६८ रोजी संगणक संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या मंचावरून मेन्लो पार्क या दुसऱ्या शहरातल्या सहकाऱ्यासोबत एकच मजकूर पडद्यावर दाखवला, तेव्हा दोघांचेही कर्सर त्यावर फिरत होते. आज मात्र अनेकदा ‘वर, अजून वर, डावीकडे’ असं तोंडी सांगावं लागतं. नाव लिहिलेला, दोन सेकंदांत विरणारा ठिपकाही पुरे.

चाचणी घेताना दाखवणाऱ्याच्या खुर्चीत बसू नका. फोन हातात घ्या, नेट मुद्दाम मंद करा, सहकाऱ्याला बारीक अक्षरांचा तक्ता शेअर करायला सांगा आणि तिसऱ्या ओळीतला आकडा मोठ्याने वाचून पाहा.