कोठी सांभाळायला येताय? आधी पिशवीचं ऐका

दरवर्षी कॉलेजं सुरू झाली की मला चार-पाच तरी फोन येतात, एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यात एमए करणाऱ्या पोरापोरींचे, ताई तुमच्याकडे फिल्डवर्कला येऊ का म्हणून. सगळ्यांना काउन्सेलिंगच्या खोलीत बसायचं असतं. कोठीत, म्हणजे धान्याच्या खोलीत, कोणालाच बसायचं नसतं. मलाही नव्हतं, पहिल्या दिवशी माझ्या हातात तांदळाचं माप दिलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते, की दोन वर्षं शिकले ते यासाठी का.

आमचं केंद्र म्हणजे घरात मार खाणाऱ्या, छळ सोसणाऱ्या बायका आणि त्यांच्या पोरांसाठीचं. पुण्यातच आहे, स्वारगेटपासून बसने वीसेक मिनिटं, याच्यापुढे पत्ता सांगत नाही आणि तुम्हीही कामाला लागलात की कोणाला सांगायचा नसतो, आईलासुद्धा. मागच्या बाजूला एक खोली आहे, लोखंडी रॅक, तीन पिंपं, वजनकाटा आणि एक फ्रीज जो उन्हाळ्यात हमखास बंद पडतो. देणगीदार तिला पॅन्ट्री म्हणतात, आम्ही कोठी म्हणतो.

२००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा, संरक्षण अधिकारी, डीआयआर म्हणजे घरातल्या हिंसेचा अहवाल, सरकारी मदत केंद्र सखी वन स्टॉप सेंटर, १८१ आणि ११२ या हेल्पलाइन, हे सगळं तुम्हाला येतंच, परीक्षेला लिहिलंय, मी परत सांगत बसत नाही. फक्त कलम ३ मधला आर्थिक छळाचा भाग एकदा सावकाश वाचा. मी तो पाठ केला होता पण मला तो कळला कोठीत, जेव्हा एक ताई म्हणाली की तिचा नवरा कामाला जाताना तेलाच्या बाटलीवर स्केचपेनने रेघ मारून जातो. आणि हो, कलम १२ खाली बाई कोर्टात मदत मागते त्या अर्जावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत, निकालाचा प्रयत्न ६० दिवसांत, असं कायद्यात लिहिलंय. शिवाजीनगर कोर्टात तारखेला आलेल्या कुठल्याही बाईशेजारी पाच मिनिटं बसा, मग कळेल खरं किती लागतं. कलम २० खाली खर्च मंजूर होईपर्यंत पोरं रोज संध्याकाळी सातला भूक लागली म्हणतातच की. कोठी आहे ती त्या सातच्या भुकेसाठी.

आता माझी चूक. हे मी लांबवून सांगणारे, कंटाळा आला तरी वाचा.

मला कामाला लागून तीन महिने झाले होते. एका देणगीदाराने दोनशे कापडी पिशव्या दिल्या, छान जाड, बंद चांगले, आणि त्यावर आमच्या केंद्राचं नाव आणि खाली हिंसामुक्त घराबद्दल एक ओळ. मी खूश. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा मला आवडायच्याच नाहीत. पाच किलो तांदूळ, दोन किलो तूरडाळ, लिटरभर तेल, साखर, चहा, साबण असं एकसारखं किट बांधून मी रांगेत ठेवलं आणि फोटो काढून ग्रुपवर टाकला, तीस लाइक्स आले. त्यातली एक पिशवी एका ताईला दिली. तिला दोन पोरं, धाकटं बालवाडीत. ती पिशवीकडे बघून जरा थांबली होती, मला आठवतंय, मला वाटलं जड होतीये, म्हणून मी तिला रिक्षापर्यंत पिशवी धरून सोडायला गेले. रिक्षापर्यंत! त्या पिशवीसकट!

ती घरी गेली. नवऱ्याने पिशवी वाचली. बास, एवढंच लिहिते. तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा डावा हात प्लॅस्टरमध्ये होता आणि तिने आल्या आल्या ती पिशवी नीट घडी करून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, मॅडम ही परत घ्या. मला कोणी ओरडलं नाही. तेच जास्त लागलं.

माझ्या डोक्यात असं होतं की कोठीत येते ती बाई घर सोडून आलेली आहे. चूक. साफ चूक. काही जणी घर सोडून आलेल्या असतात, माहेरी, मैत्रिणीकडे, कुठे भाड्याच्या खोलीत. पण आमच्याकडे बऱ्याच जणी त्याच संध्याकाळी त्याच घरात परत जातात, त्याच माणसाला चहा करून देतात. त्यांनी केंद्रात यायचं ठरवलंय, घर सोडायचं ठरवलेलं नाही, आणि ते ठरवणारे आपण नाही. म्हणजे तुम्ही जी वस्तू देता ती त्या घराच्या दारातून आत जाणार आहे आणि तिथे कोणीतरी विचारणार आहे, हे कुठून आणलं. तिच्याकडे उत्तर तयार नसेल तर तुम्ही तिला डाळ नाही दिलीत, संकट दिलंत.

म्हणून आता आम्ही कोठीत आल्यावर पहिला प्रश्न काय हवंय हा विचारत नाही. विचारतो, घरी नेलं तर चालेल का, आणि कोणी विचारलं तर काय सांगाल ताई? मग ती स्वतःच सांगते. पाच किलो तांदूळ दिसतो, अर्धा किलो दिसत नाही, घरच्या डब्यात मिसळून जातो. घरी ज्या कंपनीचा चहा येतो त्याच कंपनीचा पुडा, वेगळा नको. साबण एकच, तोही कागद काढून. तेल तिच्याच बाटलीत, आणि रेघेच्या वर नाही, रेघेपर्यंत. नाव असलेली पिशवी नाही, पावती नाही, किट तयार आहे असा मेसेज तर अजिबात नाही, फोन नवऱ्याच्या हातात असतो. काही जणी पोराच्या दप्तरात नेतात, मला ते पटत नाही, पोराला खोटं सांभाळायला लावणं, पण एका ताईने मला सुनावलं की तो आधीच सांभाळतोय. मी गप्प बसले.

सगळ्यात भारी युक्ती बायकांनीच काढली, दळणाचा डबा. बाई डबा घेऊन बाहेर पडली आणि पीठ घेऊन परत आली तर तिला कोण विचारणार? डब्यात दोन किलो गहू घेऊन निघते, गिरणीत दळते, आमच्याकडे वर किलोभर पीठ पडतं, डबा थोडा जड, बास. हे मला कुठल्याही वर्कशॉपमध्ये कोणी शिकवलं नाही. वर्कशॉपमध्ये मला स्टिकी नोट्सवर माझी भीती लिहायला लावली होती.

मेंटॉरबद्दल माझं मत आता खडूस झालंय, आधीच सांगते. ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्सवाले आणि तीन दिवसांत समुपदेशक करणारे, यांच्यामागे पैसे घालवू नका. मला खरं शिकवलं ते आमच्या झाडलोट करणाऱ्या मावशींनी, कारण त्या बायकांशी त्या जिन्यात बोलायच्या, आणि मार्केट यार्डातल्या भुसार विभागातल्या एका दुकानदार काकांनी, ज्यांनी मला डाळ मुठीत घेऊन ओल कशी बघायची ते दाखवलं. पावसाळ्यात तुरीला किडा लागतो हे पुस्तकात नसतं. किडकी डाळ एखादीला गेली तर ती काही बोलणार नाही, पुढच्या वेळी येणार नाही एवढंच. जुना माल पुढे, नवा मागे, आणि पाकिटावरच्या तारखा दर सोमवारी बघायच्या, लोक तारीख गेलेल्या वस्तू दान करतात, गोड बोलून नाही म्हणायला शिका.

बाकीचं भराभर सांगते. घर सोडून आलेल्या बाईला कच्चं धान्य देण्याआधी चूल आहे का विचारा. गॅस नसेल तर तांदूळ काय उपयोगाचा? तिच्यासाठी फुटाणे, शेंगदाणे, गूळ, चुरमुरे, राजगिऱ्याचे लाडू, दूध पावडर. पॅड आणि लहान पोराचे डायपर मागायला बायका लाजतात, ते उघड्या रॅकवर ठेवा म्हणजे मागावंच लागणार नाही. रेशनकार्ड सासरी अडकलंय म्हणून रेशन संपलं असं बऱ्याच जणी धरून चालतात, पण कार्डात नाव आणि आधार जोडलेलं असेल तर दुसऱ्या दुकानातही अंगठा लावून धान्य मिळतं, वन नेशन वन रेशन कार्डमुळे. मात्र तिने सगळ्या घराचं उचललं तर सासरी पुढच्या खेपेला कळणारच, तेव्हा आधी तिच्याशी बोला, परत तोच पिशवीचा प्रश्न.

आणि केस नोंदवली तरच धान्य, असं करणारे लोक आहेत. मला त्यांचा राग येतो. उपाशी बाईकडून सही घेणं म्हणजे काय मोठं काम नाही. आमच्या वहीत नाव नाही, नंबर आहे, आणि किती किलो गेलं ते आहे. देणगीदाराला आकडे द्या, चेहरे देऊ नका, फोटोसाठी फारच मागे लागला तर रिकाम्या रॅकचा पाठवा, माल पण येतो मग.

तुम्ही चुकणार. माझ्याइतकं वाईट चुकू नका एवढंच, पण चुकलात तरी दुसऱ्या दिवशी या. ती ताई अजून येते, हात बराय आता, धाकटा पहिलीत गेला. माझ्याशी बोलायला तिला वर्ष लागलं. ते वर्ष मी तिचं पीठ मोजत होते, खाली मान घालून.

परवा नवीन आलेल्या मुलीने एकीला डब्यात पीठ दिलं आणि मी धावत जाऊन ते परत काढून घेतलं, तांदूळ बांधून दिला. तिला कळेना काय झालं. गुरुवार होता. आमच्या भागातली गिरणी गुरुवारी बंद असते.