‘नुसती सही तर करायचीय’ म्हणून डायरेक्टर होताय? मग या चुका टाळा

प्रायव्हेट लिमिटेड काढायची तर निदान दोन डायरेक्टर लागतात, मग एक आपण आणि दुसरी बायको, नाहीतर आई, नाहीतर रिटायर झालेले सासरे, आणि "तुम्ही फक्त सही करा, बाकी मी बघतो" एवढ्यावर विषय संपतो. पुढच्या बऱ्याच भानगडींचं मूळ इथंच असतं. २०१३ च्या कंपनी कायद्यात नावापुरता डायरेक्टर असला काही प्रकार नाही, कलम १६६ मधली कर्तव्यं बायकोलाही तीच आणि सासऱ्यांनाही तीच. प्रायव्हेट कंपनीचा इन्कम टॅक्स किंवा जीएसटी थकला आणि कंपनीकडून वसूल झाला नाही तर तो त्या काळातल्या डायरेक्टरांकडून वसूल करता येतो, आणि यात माझा गंभीर निष्काळजीपणा नव्हता हे दाखवायची जबाबदारी परत डायरेक्टरचीच. "मला यातलं काही माहीतच नव्हतं" म्हणालात तर उलट तेच अंगाशी येऊ शकतं.

दुसरी चूक म्हणजे धंदाच झाला नाही मग रिटर्न कशाला भरायचा. अहो, उलाढाल शून्य असली तरी कंपनी रजिस्ट्रारकडे एओसी-४ (वर्षाचे हिशेब) आणि एमजीटी-७ (कंपनीचा वार्षिक रिटर्न, कायद्याच्या व्याख्येतल्या छोट्या कंपनीला ७ए) हे फॉर्म भरावेच लागतात, उशीर झाला की एका फॉर्मला दिवसाला १०० रुपये, म्हणजे दोन फॉर्म वर्षभर रखडले की ७३,००० नुसती लेट फी, आणि तिला वरची मर्यादा नाही. सलग तीन वर्षं भरले नाहीत तर कलम १६४(२) खाली डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र, आणि दुसऱ्या चांगल्या चाललेल्या कंपनीतलं पदसुद्धा जातं. २०१७ मध्ये सरकारने असे तीन लाखांवर डायरेक्टर अपात्र ठरवले होते, तेव्हा कित्येकांना आपण डायरेक्टर आहोत हेच आठवत नव्हतं म्हणे!

बोर्ड मिटिंगची मिनिट्स (इतिवृत्त) सप्टेंबरात एका बैठकीत टाइप करून मागच्या तारखा टाकणं बंद करा. छोट्या कंपनीला वर्षातून दोनच मिटिंग पुरतात, दर सहामाहीत एक आणि मध्ये निदान ९० दिवस, एवढं तरी खरोखर करा. आणि बारा महिन्यांत एकाही मिटिंगला न गेलेल्या डायरेक्टरचं पद आपोआप जातं, गैरहजेरीची परवानगी घेतली असली तरी.

कंपनीच्या खात्यातून घराचा हप्ता भरू नका. शंभर टक्के शेअर तुमचे असले तरी पैसा कंपनीचा, पगार घ्या नाहीतर डिव्हिडंड घ्या.

आता बाहेर पडताना होणारा घोळ. पार्टनरशी वाजलं की लोक व्हॉट्सअ‍ॅपवर "मी सोडतोय" टाकून मोकळे होतात आणि एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर नाव तसंच राहतं. राजीनामा लेखी द्या, ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्ट दोन्हीने पाठवा, पोचपावती जपून ठेवा. कंपनीने ३० दिवसांत डीआयआर-१२ (डायरेक्टर बदलल्याचं कळवायचा फॉर्म) भरायला हवा, तिकडून टाळाटाळ झाली तर डीआयआर-११ (डायरेक्टरने स्वतःचा राजीनामा कळवायचा फॉर्म) तुम्ही स्वतः भरू शकता, त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. मग पोर्टलवर कंपनीचा मास्टर डेटा (कंपनीची सगळ्यांना दिसणारी नोंद) उघडून नाव खरंच निघालंय का ते बघा. तुमच्या काळात झालेल्या गुन्ह्यांची जबाबदारी मात्र राजीनाम्यानंतरही राहते, त्यामुळे निघायच्या आधी बॅलन्सशीट, टॅक्सची चलनं आणि मिनिट्स यांच्या कॉपी काढून घ्या, नंतर त्या कुणी देत नाही.