दैत्यसूदनाला जाताना आरसा न्या

आमचं गाव मेहकर तालुक्यात. लोणार बघायला निघालेला पाहुणा आधी आमच्याकडे उतरतो. २०२०च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हापासून तर हमखास. "मामी, गुलाबी पाणी कुठी हाय?" खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांनी आणलेला तो रंग केव्हाच गेला, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

सरोवर बघाच. पण आधी लोणारच्या भर गावातलं दैत्यसूदनाचं, म्हणजे विष्णूचं देऊळ, मग सरोवराचं विवर. उलटं केलं की काय होतं ते मी पाहिलंय. विवरात उतरून चढून आलेल्या माणसाच्या पायात जीव राहत नाही. तो देवळात येतो, हात जोडतो आणि खांबाला टेकून बसतो. आमच्या नणंदबाईंनी तेच केलं. वर "पाह्यलं ना वो वहिनी, दगडाचंच तर हाय!"

पिशवीत चार वस्तू घ्या: घरातला हातआरसा, चकचकीत स्टीलचं ताट, टॉर्च आणि पायमोजे. पायमोजे कशाला ते उन्हाळ्यात कळेल. चपला बाहेर काढायच्या आणि काळा दगड दुपारी तव्यासारखा तापतो.

पोचल्यावर थेट आत शिरू नका. बाहेरून एक पूर्ण फेरी मारा, हळू. देऊळ शंभर फुटांहून लांब आहे, पण भिंत कुठंच सरळ धावत नाही. आत जाते, बाहेर येते, पुन्हा आत, लुगड्याच्या निऱ्यांसारखी. रांगोळीत एक चौकोन काढा, त्यावर तोच चौकोन थोडा फिरवून काढा, परत थोडा फिरवा. बाहेर जे कोपरे निघतात ना, तसला हा तारा. सकाळचं किंवा उतरतं ऊन असलं की प्रत्येक कोपऱ्याची सावली शेजारच्या कोपऱ्यावर पडते आणि मूर्ती उठून दिसतात. डोक्यावर ऊन असताना सगळं सपाट. भिंतीवर काही शृंगारशिल्पंही आहेत. लेकरं सोबत असली तर उत्तर तयार ठेवा, नाहीतर माझ्यासारखं "कुस्ती खेळून राह्यले" म्हणावं लागेल.

गावात कुणालाही विचारा, "हेमाडपंती" म्हणेल. आपल्याकडं जुन्या दगडी देवळाचं ते टोपणनावच झालंय. हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांचा प्रधान. हे देऊळ मात्र त्याच्याही आधीच्या, चालुक्यांच्या काळातलं मानतात. वाद घालत बसू नका, पण दगडांचे सांधे नक्की बघा. दगडावर दगड घडवून बसवलाय.

आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावू द्या. मग वर बघा. खरी दौलत छतावर आहे आणि मान दुखते म्हणून लोक ती सोडून जातात. आरसा पोटाशी, काच वर करून धरा आणि आरशातच बघत पुढं सरका. दुसऱ्यानं दाराशी उन्हात उभं राहून ताटानं कवडसा छताकडं टाकायचा. टॉर्चचा पांढरा झोत नक्षी चपटी करतो. ताटाचं तिरपं ऊन ती उभी करतं. ढगाळ दिवशी टॉर्च आहेच, पण तीसुद्धा बाजूनं धरा. आधी नरसिंह शोधा, मांडीवर आडवा हिरण्यकशिपू असला की ओळखू येतोच. मग कंसाला मारणारा कृष्ण. एक सावधगिरी: आरशात डावं उजवं होतं. शंख कुठल्या हातात, चक्र कुठल्या, हे ठरवायचं असेल तर मान वर करा. भाच्यानं माझ्याशी यावरून अर्धा तास वाद घातला होता आणि चूक माझीच निघाली.

गाभाऱ्यात विष्णू, पायाखाली लवणासूर दैत्य. त्याच्या बहिणींनीच त्याची लपायची जागा देवाला सांगितली, अशी कथा आहे. मूळ मूर्ती हरवली, आताची नागपूरकर भोसल्यांनी बसवली असं सांगतात. मे महिन्याच्या मध्यात काही दिवस सूर्यकिरण मूर्तीवर पडतात. बघण्यासारखं असतं, पण गर्दीत ना आरसा धरता येतो ना ताट. मी तर थंडीतच जाते.

देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. दगडावर खडू, कुंकू, नाव, काही लावू नका. मूर्तींच्या अंगावर ताट आपटू नका, हेही सांगावं लागतं. पुजारी असतील तर कवडसा टाकण्याआधी विचारून घ्या. आरती चालू असताना अजिबात नको.

एवढं व्हायला दीड तास लागतो. मग चहा, आलुबोंडा आणि पाण्याची बाटली भरून विवराकडं. ताट मात्र मोजून परत पिशवीत टाका. माझं एक तिथल्या चहाच्या टपरीवर राहिलं. पुढच्या खेपेला गेले तर त्यावर भजी वाढून चालली होती.