शिरोरेघेवर अक्षरं वाळत घाला: सात चित्रांत एक सेकंदाचं ॲनिमेशन

दिवसा मी पाकिटं डिझाइन करतो. चिवड्याची, मसाल्याची, हल्ली नाचणीच्या बिस्किटांची बरीच, आणि "लोगो जरा मोठा करा ना" हे आठवड्यातून पाचदा ऐकतो. रविवारी सकाळी मात्र चहा झाला की दोन तास स्वतःचे उद्योग, तिथे क्लायंट नाही. बोलायला भारी वाटतं पण खरं सांगू का, पहिली दोन वर्षं त्या दोन तासांत मी फक्त ब्रश डाउनलोड केले. नवा ब्रश, नवं ॲप, आजोबा आणि त्यांच्या सायकलवर सहा मिनिटांची शॉर्टफिल्म करायची म्हणून स्टोरीबोर्ड, जो चौथ्या पानाच्या पुढे गेलाच नाही.

मग एका पावसाळ्यात गॅलरीत दोरीवरचे कपडे हलताना बघत बसलो होतो आणि डोक्यात आलं की अरे, आपली अक्षरं पण अशीच लटकलेली असतात की. रोमन अक्षरं खालच्या रेघेवर उभी राहतात, आपली वरच्या रेघेला लोंबकळतात. शिरोरेघ म्हणजे वाळत घालायची दोरी. तिथून सुरू झालं, दर रविवारी एक अक्षर, एक सेकंद, वाऱ्यावर हलणारं. कसं करायचं ते इथे सगळं लिहितोय, कारण याला ना आयपॅड लागतो ना कोर्स.

आधी नियम ठरवा आणि लिहून भिंतीला चिकटवा, हे मस्करीत सांगत नाहीये. माझे असे आहेत: कागद आणि एकच मार्कर, रंग फार तर एक, लांबी एक सेकंद, आणि दुपारच्या जेवणाआधी संपलं पाहिजे. जेवणाचा नियम सगळ्यात कामाचा, कारण जेवल्यावर झोप येते आणि मग तो प्रोजेक्ट पुढच्या दिवाळीपर्यंत उठत नाही.

आता हिशोब. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो, पण हाताने काढणारे लोक बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं, आणि डोळ्याला ती पुरतात. त्यात झोका म्हटलं तर आणखी सूट, कारण जाताना जी चित्रं तीच येताना. म्हणून सातच काढायची आणि १-२-३-४-५-६-७-६-५-४-३-२ अशी लावायची. मोजा, बरोबर १२ होतात. शेवटी परत १ टाकायचं नाही, कारण लूप फिरला, म्हणजे तीच चित्रं पहिल्यापासून परत सुरू झाली, की ते आपोआप येतं. सुरुवातीला मी टाकायचो आणि दर सेकंदाला अक्षराला बारीकशी उचकी लागायची, दोन आठवडे कळेचना की कशाने.

त्या सातांमध्ये अंतर कसं ठेवायचं हाच खरा खेळ आहे. एक किल्ली दोऱ्याला बांधा, दोरा साधारण २५ सेंमी ठेवा आणि झोका द्या, एकदा जाऊन परत यायला जवळपास एक सेकंदच लागतो. नीट बघितलं तर दिसेल की टोकाला ती रेंगाळते आणि मधून सुसाट जाते. चित्रं सारख्या अंतरावर काढली तर हे रेंगाळणं जातं आणि अक्षर गाडीच्या वायपरसारखं दिसतं. म्हणून कंपासपेटीतला कोनमापक काढा, सरळ खाली म्हणजे शून्य धरा. पहिलं चित्र डावीकडे २० अंशावर, दुसरं १७ च्या जरा पुढे, तिसरं १० वर, चौथं शून्यावर, आणि मग उजवीकडे तसंच उलट १०, १७, २०. टोकाला दोन चित्रं जवळजवळ चिकटलेली आणि मध्ये दहा-दहा अंशांच्या उड्या, एवढ्याने त्यात वजन येतं. शाळेत ही आकडेमोड कोसाइन म्हणून डोक्यावरून गेली होती, ती इथे उपयोगी पडली.

कागद हलू नयेत यासाठी स्टुडिओत खुंट्या असलेली खास पट्टी असते. आपण ऑफिसातलं पंचिंग मशीन घ्यायचं. त्याची दोन भोकं ८ सेंमी अंतरावर आणि ६ मिमीची असतात, हार्डवेअरच्या दुकानातून ६ मिमीचे दोन बोल्ट आणा, जाड पुठ्ठ्याला ८ सेंमीवर भोकं पाडून खालून वर घाला, नट आवळा, झाली पट्टी तयार. एक कागद काढला की दुसरा बरोबर त्याच जागी बसतो. खालचं चित्र दिसायला ट्रेसिंग पेपर वापरा, किंवा पट्टी खिडकीच्या काचेला टेपने चिकटवा आणि उभ्याने काढा, पाठ दुखते पण फुकट आहे.

प्रत्येक चित्रात शिरोरेघ त्याच जागी हवी, हलायचं फक्त अक्षराने. तरीही हाताने परत परत काढलेली रेघ थोडी थरथरतेच. थरथरू द्या. मी एकदा ती स्केलने काढली होती, एकदम सरकारी फॉर्मसारखं दिसायला लागलं.

फोटो फोनवर काढायचे, पुस्तकांच्या दोन थप्प्या, त्यांच्यावर आडवी काच आणि काचेवर फोन. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, नाहीतर प्रत्येक फोटोत उजेड वेगळा येतो. पंखा बंद. खिडकीच्या उजेडात काढू नका, ढग येतात-जातात, खिडक्यांचे पडदे लावून एकच दिवा लावा. माझा ठ असाच ढगांत सापडला आणि लूपमध्ये लखलखायला लागला, पण श्रावण चालू होता आणि ते वीज चमकल्यासारखं वाटत होतं म्हणून तसाच ठेवला.

जोडायला क्रिता हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात फोटो ॲनिमेशन फ्रेम म्हणून आणायचे आणि वेग १२ ठेवायचा. फोनवर स्टॉप मोशनचं कुठलंही साधं ॲप चालेल. जीआयएफ काढत असाल तर एक गंमत आहे, तिथे फ्रेमचा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागांत पूर्ण आकड्यात लिहितात, १२ च्या वेगाला ८.३३ लागतात ते बसत नाहीत, सरळ ८ टाका. वेग साडेबारा होतो, कोणाला कळत नाही. आणि व्हिडिओ काढलात तर तोच लूप दहा-बारा वेळा जोडून टाका, नुसता एक सेकंद टाकला तर बघणाऱ्याचं लक्ष जाईपर्यंत संपलेला असतो.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, कुठलं अक्षर घ्यायचं. सुरुवात ट, ठ, ड, ढ यांच्यापासून करा, यांना वर छोटीशी मान असते आणि खाली पोट, घंटेसारखे सरळ लटकतात. व, न, त मध्ये काना उजवीकडे आणि सगळा भार डावीकडे, म्हणजे एकाच खांद्याला चिमटा लावलेला शर्ट. तो स्थिर असतानाही थोडा तिरकाच लटकायला हवा, त्यामुळे मधलं चित्र शून्यावर न ठेवता पाच-सात अंश सरकवून घ्या आणि बाकीची सहा पण तेवढीच सरकवा. क ला दोन्हीकडे हात आहेत, तो तोल सांभाळतो, त्याला वारा कमी द्या. ग आणि ण मध्ये तर मजाच आहे, डावा तुकडा आणि काना एकमेकांना चिकटलेलेच नाहीत, दोघांना जोडते ती फक्त शिरोरेघ, म्हणजे दोरीवर दोन वेगळे कपडे. दोघांना एकाच वेळी हलवू नका, काना एक चित्र उशिरा हलवा, लगेच जीव येतो (फक्त इथे सात चित्रं पुरत नाहीत, पूर्ण १२ लागतात, का ते पुढे उकाराच्या वेळी सांगतो). ल काढताना पाकळीवाला काढा आणि श देठाचा, मराठीत ते आपले. (पाकळीवाल्या ल चा हिंदी पद्धतीचा ल आणि परत पाकळी, असा लूप मी करून ठेवलाय, झोका नाही, नुसतं रूप पालटतं, ट्रेनने भोपाळला जाऊन आल्यासारखं.)

जरा हात बसला की मात्रा जोडा. टू घ्या. उकार म्हणजे शेपूट, ती नेहमी मागे राहते, अक्षर उजवीकडे निघालं की उकार अजून डावीकडेच असतो. पण इथेही सात चित्रांची चैन संपते, कारण येताना शेपूट उलट्या बाजूला हवी, जातानाची चित्रं चालत नाहीत, पूर्ण १२ काढावी लागतात. मी आळशीपणाने सातच वापरून बघितली, येताना शेपूट अक्षराच्या पुढे पळत होती, उंदराला स्वतःची शेपटी ओढतेय असं काहीतरी.

हे सगळं कॉम्प्युटरवर करायचं असेल तर एक सावधान. अक्षरागणिक हलवायचा जो तयार इफेक्ट असतो तो देवनागरीवर लावला की बऱ्याचदा वाट लागते, इकार एकीकडे, जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं. आधी टाइप केलेल्या शब्दाचे आउटलाइन करा, म्हणजे मजकुराचे नुसते आकार होतात, शिरोरेघ वेगळी कापून घ्या, मग प्रत्येक अक्षर मात्रांसकट एका ग्रुपमध्ये, आणि त्याचा फिरण्याचा बिंदू शिरोरेघेला जिथे टेकतं तिथे. ॲप बिंदू आपोआप मध्यभागी देतं आणि मग अक्षर झोका घ्यायच्या ऐवजी भोवऱ्यासारखं फिरतं. सरावाला मुक्ता किंवा बालू हे फॉन्ट घ्या, दोन्ही फुकट आणि मोकळ्या लायसन्सचे आहेत. मी तरी कागदावरच राहतो, आठवडाभर स्क्रीन बघून झालेली असते.

सध्या माझी गाडी भ वर अडकलीये. त्याची डावी गाठ शिरोरेघेला टेकतच नाही, दोरीला धरलंय ते फक्त कान्याने, मग वारा आला की गाठ आधी हलणार की काना? या रविवारी दोन्ही प्रकारे काढून बघणार आहे, १२ आणि १२ अशी २४ चित्रं, जेवणाचा नियम मोडणार बहुतेक, बायकोला आधीच सांगून ठेवलंय.